प्रतिनिधीचा पक्षकार कोण?

जे गाव एकेकाळी राजधानी म्हणून नावाजले होते, ते पुढे केवळ वाळूसाठी ओळखले जावे, हा काळाचा एक विचित्र विनोदच म्हणावयाचा. म्हैसूरपासून सुमारे ४५ किलोमीटरांवर, कावेरीच्या वळणावर वसलेल्या तलकाडची गोष्ट अशी आहे. गंग राजांनी येथून शतकानुशतके राज्य केले. अकराव्या शतकाच्या आरंभी चोळांनी ते जिंकून त्याचे नाव राजराजपुर ठेवले. १११६-१७च्या सुमारास होयसळ विष्णुवर्धनाने ते चोळांकडून घेतले, ‘तलकाडुगोंड’ म्हणजे तलकाड घेणारा असे बिरुद धारण केले आणि विजयाची खूण म्हणून कीर्तिनारायणाचे देवालय उभारले. त्यानंतर विजयनगर आले आणि अखेरीस म्हैसूरचे वोडेयर. आज तेथे पाहावयाचे ते वाळूचे डोंगर आणि त्यांच्या पोटात दडलेली, अधूनमधून उकरून काढलेली देवळे.

राजधानी असतानाही तलकाड हे खरे पाहता सीमेवरचेच गाव होते. गंग आणि चोळ, चोळ आणि होयसळ यांच्या सीमा त्याच्या अंगावरून पुढेमागे सरकत राहिल्या. आणि हे केवळ पुराणकाळापुरतेच नव्हे. येथून फारसा दूर नसलेला कोळ्ळेगाल तालुका १९५६ सालापर्यंत मद्रास राज्याच्या कोइमतूर जिल्ह्यात होता. या बाजूचा शेतकरी ज्या भाषेत बैलाला हाक मारी, त्याच भाषेत त्या बाजूचाही मारीत असे. तथापि एकाचे गाऱ्हाणे बंगळूरला जाई, दुसऱ्याचे मद्रासला. एकाने निवडून दिलेल्या आमदाराला दुसऱ्याशी कसलेच कर्तव्य नव्हते, निदान कायद्याने तरी नव्हते. या ‘कायद्याने तरी’ या शब्दांतच आमचा आजचा विषय आहे.

तलकाडची वाळू आणि अलमेलम्मा यांची कथा दक्षिणेत राहणाऱ्या मराठी वाचकांस ठाऊक असेलच. १६१० साली राजा वोडेयराने श्रीरंगपट्टण घेतले. तेथील विजयनगरच्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा आपले दागिने घेऊन तलकाडच्या बाजूस आली. ते दागिने श्रीरंगनायकीच्या पूजेत देवीच्या अंगावर चढत, म्हणून ते देवालयाचे आहेत असे राजाकडून सांगण्यात आले आणि ते आणण्यासाठी शिपाई धाडण्यात आले. तेव्हा तिने तलकाड वाळूने भरेल, मालंगीला डोह पडेल आणि म्हैसूरच्या राजांना संतती होणार नाही असा शाप दिला व कावेरीत उडी घेतली, अशी ही कथा. वाळूचे कारण म्हणून वरच्या अंगास बांधलेला माधवमंत्री बंधारा, उन्हाळ्यात उघडे पडणारे नदीचे पात्र आणि वारा यांच्याकडे अभ्यासक बोट दाखवितात. ते बरोबरच आहे. परंतु कथेचे मर्म वाळूत नाही. ते दागिने कोणाचे, हा वस्तुतः दिवाणी दावा होता. राजाच्या बाजूने राजाच वादी, राजाच न्यायाधीश आणि राजाच बेलिफ. अलमेलम्मेच्या बाजूने बोलावयास कोणीच नव्हते. ज्याची बाजू मांडणारा कोणी नसतो त्याच्याजवळ शापावाचून काय उरते? शाप म्हणजे न्यायालय नसलेल्या माणसाची फिर्याद होय.

मनुष्यसमाजाने शापाची जागा दोन संस्थांना दिली. एक वकील, दुसरा लोकप्रतिनिधी. दोघेही दुसऱ्याच्या वतीने बोलतात. म्हणूनच की काय, जगभर वकील मोठ्या संख्येने विधिमंडळांत गेलेले दिसतात. परंतु या दोन कामांत एक भेद आहे आणि तो बहुधा दुर्लक्षिला जातो. वकिलाचा पक्षकार ठरलेला असतो. त्याने वकीलपत्र दिलेले असते. समोरच्या पक्षाचे काय होईल, याची चिंता वाहणे हे वकिलाचे काम नव्हे. त्यासाठी समोर दुसरा वकील असतो आणि वर न्यायाधीश. लोकप्रतिनिधीचा पक्षकार मात्र कोण? ज्यांनी मते दिली तेच काय? ज्यांनी विरुद्ध मते दिली त्यांचे काय? आणि ज्यांना मत देण्याची सोयच नव्हती, जे सीमेपलीकडे होते, अल्पसंख्य होते, त्यांचे काय?

हा भेद एकाच माणसाच्या आयुष्यात पाहावयाचा असेल तर अब्राहम लिंकनच्या पूर्वायुष्याकडे पाहावे. इलिनॉय हे तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम सीमेकडील नव्या वस्तीचे राज्य होते आणि लिंकन हा घोड्यावरून तालुक्या-तालुक्याच्या न्यायालयांत फिरणारा वकील होता. १८४१ साली त्याने नॅन्स नावाच्या एका काळ्या स्त्रीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न ज्यात गुंतला होता तो खटला जिंकला. १८४७ साली त्याच लिंकनने रॉबर्ट मॅटसन या गुलामांच्या मालकाचे वकीलपत्र घेतले आणि तो खटला हरला. वकिलीच्या नीतीने पाहिले तर दोन्ही क्षम्य ठरतात, मग आपले मन दुसऱ्यापाशी कितीही अडखळो. परंतु १८३४ ते १८४२ या काळात तो राज्याच्या विधिमंडळाचाही सभासद होता. १८३७ साली आपल्या जिल्ह्याच्या इतर सभासदांसह खटपट करून त्याने राज्याची राजधानी व्हँडेलियाहून आपल्या मतदारांच्या स्प्रिंगफील्डला हलविण्याचा ठराव संमत करविला. येथे तो मतदारांचा वकील होता. आणि त्याच वर्षी, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, गुलामगिरी ही अन्यायावर उभी आहे असे सांगणारा निषेध त्याने विधिमंडळाच्या दप्तरात नोंदविला. त्यावर डॅन स्टोन नावाच्या आणखी एकाच सभासदाची सही होती. हे करावयास त्याला मतदारांनी सांगितले नव्हते. ज्यांच्यासाठी त्याने ते केले त्यांना तर मतच नव्हते. येथे वकील संपला आणि प्रतिनिधी सुरू झाला.

आता म्हैसूरकडे वळू. या संस्थानात प्रतिनिधित्वाची परंपरा जुनी आहे. दिवाण रंगाचार्लूंच्या कारकिर्दीत १८८१ साली प्रजाप्रतिनिधी सभा भरली. देशी संस्थानांतील अशा प्रकारचा तो पहिला प्रयोग समजला जातो. १९०७ साली विधिपरिषद स्थापन झाली, तेव्हा दिवाणपदी तंजावरच्या मराठी परंपरेतले व्ही. पी. माधवराव होते. आपल्या भाषेच्या एका माणसाचा या इतिहासात वाटा आहे, हे येथील मराठी मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच माधवरावांच्या कारकिर्दीत १९०८ साली वृत्तपत्रांवर कडक निर्बंध घालणारा कायदाही झाला, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे. ज्या हाताने बोलावयास जागा दिली त्याच हाताने तोंडावर बोट ठेवले. सांगावयाचे एवढेच की, त्या काळचा प्रतिनिधी हा मुख्यतः अर्जदार होता. तो गाऱ्हाणे सांगे, निर्णय करीत नसे. जो निर्णय करीत नाही त्याला ‘माझा पक्षकार कोण’ हा प्रश्न फारसा छळत नाही. १९४७ साली जबाबदार राज्यपद्धती आली आणि हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

तो ज्यांच्या वाट्यास सर्वांत तीव्रपणे आला ते केंगल हनुमंतय्या. यांचा जन्म १९०८ साली रामनगरच्या परिसरातील एका खेड्यात शेतकरी वोक्कलिग कुटुंबात झाला. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि कायद्याच्या शिक्षणासाठी पुण्यास गेले. १९२४ साली निघालेल्या तेथील लॉ कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले, म्हणजे त्यांची कायद्याची घडण मराठी मुलखात झाली. परतल्यावर त्यांनी वकिली सुरू केली, पण लवकरच स्वातंत्र्याच्या चळवळीने त्यांना ओढून घेतले आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. पुढे ते भारताच्या घटना समितीचे सभासद झाले. आपण वीणेचे सूर मागितले होते आणि हाती आला तो इंग्रजी बँड, अशा आशयाची तेथील त्यांची टीका घटनेच्या अभ्यासकांस परिचित आहे. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर ते म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री झाले. बंगळूरचे विधानसौध आज ज्या भव्य रूपात उभे आहे ते त्यांच्या आग्रहाने. आणि त्या खर्चापायी त्यांच्यावर आरोपही झाले, चौकशीही झाली. त्यांचा स्वभाव करारी होता, त्यांना शत्रू पुष्कळ होते. त्यांना संत ठरविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आम्हांस प्रयोजन आहे ते त्यांच्या एका निर्णयाशी.

१९५३ साली आंध्र राज्य झाले, बळ्ळारीचे काही तालुके म्हैसुरात आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्यपुनर्रचना आयोग नेमला गेला. मुंबई राज्यातील धारवाड, विजापूर, बेळगाव व कारवार, हैदराबादेतील गुलबर्गा, रायचूर व बीदर, मद्रासेतील दक्षिण कन्नड व कोळ्ळेगाल आणि कुर्ग हे सर्व म्हैसूरशी जोडून एक कन्नड राज्य करावे, अशी मागणी उत्तरेकडून जोराने होत होती. जुन्या म्हैसुरात मात्र या मागणीचे स्वागत थंडपणे झाले. किंबहुना, येथे उघड विरोध होता. कावेरीच्या या खोऱ्यातील लोकांपाशी कृष्णराजसागर होता, वीज होती, विश्वविद्यालय होते, कारखाने होते. मागासलेल्या प्रदेशांचा भार आपण का उचलावा, असे ते विचारीत. याहून खोल दुसरे एक भय होते. जुन्या म्हैसुरात वोक्कलिगांचे राजकीय वजन मोठे होते. नव्या राज्यात लिंगायत समाज संख्येने पुढे जाईल आणि सत्तेचा काटा उत्तरेकडे झुकेल, हे कोणालाही दिसत होते.

हनुमंतय्या स्वतः वोक्कलिग होते. त्यांचे मतदार जुन्या म्हैसूरचे होते. त्यांच्या सत्तेचा सारा पाया याच प्रदेशात होता. वकील म्हणून त्यांना वकीलपत्र कोणाचे होते, याबद्दल संशयास जागा नव्हती. असे असूनही ते एकीकरणाच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी हे विधिमंडळात केले, सभांतून केले आणि आपल्याच लोकांच्या रोषाला तोंड देऊन केले. १९५६च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच पक्षात त्यांच्यावर अविश्वास व्यक्त झाला व त्यांना पायउतार व्हावे लागले. त्याची कारणे अनेक होती, एकीकरण हे त्यांतले एक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे राज्य जन्मास आले तेव्हा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती निजलिंगप्पांनी. हनुमंतय्यांच्या समाजाचा माणूस त्यानंतर मुख्यमंत्री झाला तो १९९४ साली, एच. डी. देवेगौडा यांच्या रूपाने. मधे ३८ वर्षे गेली. ज्या भयाने लोक विरोध करीत होते ते भय खोटे नव्हते, आणि हनुमंतय्यांसारख्या मुरब्बी माणसाला ते दिसत नव्हते असे कोण म्हणेल?

मग त्यांनी मतदारांचा विश्वासघात केला काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांनी निवडून दिले त्यांच्या स्पष्ट इच्छेविरुद्ध प्रतिनिधीने जावे आणि त्याला आम्ही नीतिधैर्य म्हणावे, तर उद्या प्रत्येक हेकट पुढारी आपल्या हेक्याला हेच नाव देईल. ‘लोकांना त्यांचे हित कळत नाही, ते मला कळते’ हे वाक्य हुकूमशहाच्या तोंडी फार शोभते. अठराव्या शतकात इंग्लंडात एडमंड बर्कने ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले होते की, प्रतिनिधीने आपली विवेकबुद्धी मतदारांच्या मतापुढे गहाण टाकू नये. ते वर्ष १७७४. आयर्लंडच्या व्यापाराला सवलती देण्यास त्याने पाठिंबा दिला तेव्हा ब्रिस्टलचे व्यापारी चिडले आणि १७८० साली त्याला ती जागा सोडावी लागली. बर्कचे तत्त्व थोर खरे. पण मतदारांनी त्याला घालविले तेही आपल्या हक्कानेच, यात शंका नाही.

तेव्हा नीतिधैर्य आणि हेका यांतला फरक ओळखावा कसा? आमच्या मते त्याला तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, त्याने ते उघडपणे केले काय? मते मागताना एक व सत्ता मिळाल्यावर दुसरे, किंवा पडद्याआड ठराव आणि चव्हाट्यावर मौन, असे असेल तर तो विश्वासघातच होय. दुसरी, त्याची किंमत कोणी मोजली? दुसऱ्यांच्या त्यागावर उदार होणारे पुष्कळ असतात. ज्याने स्वतःचे आसन पणाला लावले त्याचे बोलणे ऐकावे. या दोन्ही कसोट्यांना हनुमंतय्या उतरतात. तिसरी कसोटी सर्वांत अवघड आहे. ज्या न्यायाच्या नावाने आपण हे करीत आहो, तो न्याय आपल्या गैरसोयीचा झाला तरीही आपण मानू काय? कोळ्ळेगालच्या कन्नड शेतकऱ्याचे गाऱ्हाणे त्याच्याच भाषेत ऐकले जावे, हे तत्त्व असेल तर ते एकट्या कन्नड शेतकऱ्यापुरते राहू शकत नाही.

आणि येथे आम्हां मराठी वाचकांना अंतर्मुख व्हावे लागते, कारण ज्या रेषेने कोळ्ळेगालला घरी आणले त्याच रेषेने बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी माणसांना पलीकडे ठेवले. बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. त्यानंतरचा इतिहास, म्हणजे सत्याग्रह, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची १९६७ची त्याची शिफारस, महाराष्ट्राने त्याला दिलेला नकार, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, सर्वांस ठाऊक आहे. एका भाषेचा एकीकरणाचा सण हा दुसऱ्या भाषेच्या ताटातुटीचा दिवस ठरला. एकाच १ नोव्हेंबरला राज्यात इतरत्र राज्योत्सव साजरा होतो आणि बेळगावात मराठी माणसे काळा दिन पाळत आली आहेत.

या प्रश्नाचा निकाल काय लागावा हे सांगण्याचा येथे आमचा उद्देश नाही. ते काम न्यायालयाचे आणि संसदेचे. आम्हांस विचारावयाचे आहे ते असे. समजा, सीमा कोठेही आखली, तरी तिच्या चुकीच्या बाजूस कोणी ना कोणी राहणारच. बेळगावात मराठी राहतील. तसेच अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि जत येथे कन्नड राहतील. सरळ रेषा ओढून माणसे वेगळी करता येत नाहीत. गावात तर नाहीच, पुष्कळदा एका घरातही नाही. मग जे उरतील त्यांची बाजू कोणी मांडावी? त्यांच्याच भाषेचा एखादा आमदार निवडून आला तर तो मांडील, हे ठीकच आहे. पण तो बहुधा एकटा असतो, आणि एकट्याचे गाऱ्हाणे बहुसंख्येच्या सभागृहात वाळूवरच्या पाण्यासारखे जिरून जाते. प्रतिनिधित्वाचा खरा कस लागतो तो बहुसंख्यांच्या भाषेचा आमदार अल्पसंख्यांची शाळा बंद पडू नये म्हणून उठून उभा राहतो तेव्हा. तेथे त्याला एकही मत मिळावयाचे नसते, उलट काही गमवावयाचीच असतात.

आम्ही मराठी माणसे म्हैसूर-बंगळूरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो. शहाजी राजांच्या काळापासून या मातीने मराठी वस्तीला जागा दिली आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड हा आमचा नित्याचा व्यवहार. त्यामुळे या वादात आमची स्थिती चमत्कारिक आहे. इकडच्यांना आम्ही तिकडचे वाटतो, तिकडच्यांना इकडचे. पण कदाचित याच स्थितीमुळे एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. बेळगावच्या मराठी शाळेसाठी आम्ही जो युक्तिवाद करतो, तो अक्कलकोटच्या कन्नड शाळेसाठी करताना आमची जीभ अडखळत असेल, तर तो युक्तिवाद न्यायाचा नसून केवळ पक्षकाराचा आहे. आणि जो कन्नड बांधव कोळ्ळेगालच्या आठवणीने गहिवरतो, पण खानापूरचे नाव काढताच कठोर होतो, त्यालाही हेच म्हणावे लागेल. वकिलाला असे बोलण्याची मुभा आहे. नागरिकाला ती नाही, आणि प्रतिनिधीला तर नाहीच नाही.

हनुमंतय्या पुढे लोकसभेत गेले, प्रशासन सुधारणा आयोगाचे अध्यक्ष झाले, केंद्रात मंत्री झाले आणि १९८० साली निवर्तले. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले ते त्यांना पाहावयास मिळाले. ज्या राज्यासाठी त्यांनी आपली सत्ता पणाला लावली त्या राज्याचे मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे पुन्हा कधी आले नाही. हा व्यवहार तोट्याचा झाला असे हिशेबी माणूस म्हणेल. परंतु हिशेब मांडताना खातेदार कोण, हे आधी ठरवावे लागते. ज्यांनी त्यांना मत दिले होते, त्यांच्या खात्यात कदाचित काही वजा पडले असेल. ज्यांना मत देताच येत नव्हते, त्यांच्या खात्यात प्रथमच काही जमा झाले.

त्यांच्या निर्णयाने सीमाप्रश्न संपला नाही, आणि मराठी माणसाला त्या निर्णयाची सावली अजून जाणवते. तरीही तो आम्हांस आदरणीय वाटतो, कारण त्याने एक माप घालून दिले, आणि त्या मापाने आम्ही त्यांच्या वारसदारांना आणि स्वतःलाही मोजू शकतो. प्रतिनिधीचा पहिला पक्षकार त्याचा मतदार, हे खरे. पण शेवटचा पक्षकार तो, ज्याची बाजू त्या सभागृहात दुसरे कोणीच मांडणार नाही. त्याचे ऐकले गेले नाही तर तो काय करील, हे तलकाडच्या कथेने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.